नाव दुसऱ्याचं, भाव आपला

थोडं मोठं झालंय. निवांत वेळ असेल तेव्हा वाचा.

गेल्या महिन्यात सांगलीला बहिणीकडे गेलो होतो. भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जेवणं झाली, बहीण आवरायला आत गेली आणि हा लॅपटॉप घेऊन शेजारी येऊन बसला. "मामा, एक विचारायचंय. आईला सांगू नका."

पोटात गोळाच आला. आजकाल या वयाची पोरं आईला सांगू नका म्हणतात तेव्हा एक तर मुलगी असते, नाही तर ऑनलाइन रमी. निघालं तिसरंच. पोरानं वर्षभरात चौदा डोमेन घेऊन ठेवलेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. डोमेन म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, अमुकतमुक डॉट कॉम किंवा डॉट इन. साधारण आठशे ते बाराशे रुपये वर्षाला. ते विकत मिळतं असं आपण म्हणतो, पण खरं तर तो भाडेपट्टा असतो. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचा, आणि मुदत संपली की परत भरायचे. जो पहिला मागेल त्याला मिळतं. हे नाव तुझं कशावरून, असं कोणीही विचारत नाही. सातबारा नाही, फेरफार नाही, तलाठी नाही.

भाच्याची यादी वाचून आधी हसूच आलं. तीन नावं 'ईश्वरपूर'ची. जुलै २०२५ मध्ये विधानसभेत इस्लामपूरचं नाव बदलण्याची घोषणा झाली, त्याच रात्री यानं बुक केली म्हणे. पाच नावं हळद, बेदाणा, ऊस असल्या शब्दांची. चार इंग्रजी, ज्यांचा अर्थ मला कळला नाही आणि बहुतेक त्यालाही कळलेला नसावा. राहिली दोन. एक साताऱ्यातल्या एका जुन्या पेढेवाल्याच्या दुकानाचं नाव, जसंच्या तसं. आणि एक आमच्याकडच्या एका तरुण नेत्याचं, नाव-आडनावासकट. घेतलं तेव्हा डिसेंबरच्या नगरपालिका निवडणुका डोळ्यांसमोर होत्या.

"हे कायदेशीर आहे का, मामा?"

त्याला वाटलं पत्रकार मामाला माहीत असणार. मामाला माहीत होतं, पण जरा वेगळ्या कारणानं. त्यावर येतोच.

या पोरांच्या डोक्यात हे कुठून आलं ते आधी सांगतो. ऑक्टोबर २०२४ मधली जिओहॉटस्टारची बातमी आठवत असेल. दिल्लीच्या एका तरुणानं २०२३ मध्येच अंदाज बांधला होता की जिओ आणि हॉटस्टार एक होणार. जिओनं 'सावन' घेतलं तेव्हा 'जिओसावन' झालं होतं, तेच इथं होईल, म्हणून त्यानं जिओहॉटस्टार डॉट कॉम घेऊन ठेवलं. पुढे खरंच विलीनीकरण ठरलं. मग त्यानं त्याच पत्त्यावर जाहीर पत्र टाकलं, की मला केंब्रिजला शिकायचंय, कंपनीनं फी भरावी, नाव घेऊन जावं. फी होती ९३,३४५ पौंड, म्हणजे कोटभर रुपये. कंपनी बधली नाही. उलट कायदेशीर कारवाईचं ऐकल्यावर आपली लढायची ताकद नाही हे त्यानंच लिहिलं. नाव नंतर दुबईतल्या दोन लहान भावंडांकडे गेलं आणि त्यांनी ते कंपनीला फुकट द्यायची तयारी दाखवली. १४ फेब्रुवारी २०२५ ला जिओहॉटस्टार सुरू झालं.

तेव्हा फेसबुकवर निम्मी माणसं म्हणत होती, एवढी मोठी कंपनी, एक कोट काय चीज आहे, द्यायचे की पोराला. निम्मी म्हणत होती हा ब्लॅकमेल आहे. मी काहीच लिहिलं नव्हतं. हात आखडला, असं म्हणा.

आता कायदा. आपल्याकडे डोमेन अडवून ठेवण्याविरुद्ध असा वेगळा कायदाच नाही. अमेरिकेनं १९९९ मध्ये केला. आपल्याकडे कोर्टांनी ट्रेडमार्कच्या कायद्यावर आणि 'दुसऱ्याचा माल आपला म्हणून खपवू नये' या जुन्या तत्त्वावर काम भागवलं. १९९९ मध्येच दिल्ली हायकोर्टानं याहूइंडिया नाव घेतलेल्याला रोखलं, आणि त्याच वर्षी मुंबई हायकोर्टानं रेडिफच्या नावाशी मिळतंजुळतं 'रॅडिफ' नाव घेतलेल्याला. २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं शिक्कामोर्तब केलं. डोमेन हा नुसता पत्ता नाही, ती ट्रेडमार्कसारखी ओळखसुद्धा आहे. तिथलं भांडण 'सिफी' या शब्दाचं होतं, समोरच्यानं एक एफ वाढवून 'सिफ्फी' केलं होतं. एका अक्षरासाठी सुप्रीम कोर्टापर्यंत.

कोर्टाबाहेरही वाट आहे. डॉट कॉमसाठी जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे तक्रार करता येते, डॉट इनसाठी आपल्याच निक्सी या संस्थेच्या लवादाकडे. डॉट कॉमच्या तक्रारीत तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. नाव माझ्या ट्रेडमार्कसारखं आहे, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि त्यानं ते वाईट हेतूनं घेतलं नि वापरलंसुद्धा. डॉट इनला नियम जरा कडक आहे. तिथं वाईट हेतूनं नुसतं घेतलेलं असलं तरी चालतं, वापर दाखवायलाच पाहिजे असं नाही. आमच्या धंद्यातलं उदाहरण म्हणजे टाइम्स ऑफ इंडिया आणि इकॉनॉमिक टाइम्स. त्यांच्या नावामागे 'द' लावून अमेरिकेत कोणी डोमेन घेतली होती, ती २००० मध्ये याच वाटेनं परत मिळाली. अशा तक्रारींतल्या अगदी सुरुवातीच्या त्या.

म्हणजे सगळा खेळ हेतूवर. नाव विकून नफा कमावणं हा गुन्हा नाही. व्हॉइस डॉट कॉम २०१९ मध्ये तीन कोटी डॉलरला गेलं. 'व्हॉइस' हा शब्द कोणाच्या बापाचा नाही, त्यामुळे कोणाची तक्रारही नाही. तक्रार कुठं सुरू होते, तर नावाची किंमत दुसऱ्याच्या घामानं झालेली असते आणि वसुली तुम्ही करता तिथं.

भाचा हुशार आहे, लगेच म्हणाला, "मग बायपासला जमीन घेतात ते काय करतात? रस्ता त्यांनी केला का?"

खरं सांगतो, मला पटकन उत्तर आलं नाही. आपल्या भागात महामार्गाची आखणी आधी कळली की जमिनी कोणाच्या नावावर होतात हे सगळ्यांना माहीत आहे, आणि त्या माणसांना आपण हुशार म्हणतो. सत्कारसुद्धा करतो. हरिपूरच्या पेवांत व्यापारी हळद भरून ठेवायचे, भाव आला की काढायचे. २००५ च्या पुरात त्यातली बरीच पेवं गेली, पण हळद साठवली म्हणून त्यांना कोणी चोर म्हणलं नाही. हळद त्यांनी पैसे देऊन घेतलेली होती, जोखीम त्यांची होती, आणि मुख्य म्हणजे तुमची हळद तुमच्याकडे राहिलेली होती. नावाचं तसं नाही. पेढेवाल्याचं नाव एकच आहे. ते भाच्याच्या पेवात गेलं की पेढेवाल्याकडे उरत नाही.

गाडीच्या नंबरचं पाहा. एमएच १० असो नाहीतर ११, एक नंबरसाठी माणूस लाखांत पैसे भरतो, पण ते पैसे सरकारी तिजोरीत जातात. आरटीओच्या दारात आधीच रांग लावून सगळे चांगले नंबर एकानं उचलले आणि बाहेर टपरीवर विकायला बसला, तर आपण काय म्हणू? डोमेनच्या दुनियेत टपरीवाल्यालाच गुंतवणूकदार म्हणतात.

आणि आम्ही पत्रकारांनी तरी कोणाला शिकवावं? साप्ताहिकाचं टायटल दिल्लीहून मंजूर करून आणायचं, अंक काढायचाच नाही, आणि कोणी गरजू भेटला की 'टायटल आहे माझ्याकडे' म्हणून सौदा करायचा, हे तालुक्याच्या गावांत आमच्या आधीच्या पिढीनं केलेलंच आहे. फरक एवढाच की ठराविक मुदतीत अंक निघाला नाही तर टायटल सुटतं. डोमेनला तीही अट नाही. वर्षाला हजार रुपये भरत राहा, नाव जन्मभर कोंडून ठेवा.

आता माझं.

२०१२ मध्ये मी साताऱ्यात एक छोटं बातम्यांचं पोर्टल सुरू केलं होतं. जुन्या लोकांना आठवत असेल. नाव लिहीत नाही, कारण तो पत्ता आता माझा नाही आणि तुम्ही उघडून पाहावं असं तिथं काही नाही. वेबसाईट ओळखीच्या एका पोरानं बनवली. डोमेनही त्यानंच घेतलं, त्याच्या ईमेलवर. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. वायरमननं मीटर स्वतःच्या नावावर घेतला असता तर मी गप्प बसलो असतो का? पण इथं बसलो. तो पुढे पुण्याला नोकरीला गेला, तो ईमेल त्यानं उघडणं सोडलं. २०१९ च्या जूनअखेर मुदत संपली. सूचना सगळ्या त्या मेलवर.

मुदत संपल्यावर नाव लगेच जात नाही. साधारण महिना-दीड महिना नेहमीच्या पैशांत भरता येतं, पुढचे तीस दिवस दंड भरून सोडवता येतं, मग पाच दिवसांनी ते बाजारात सुटतं. या सगळ्या काळात मी कुठं होतो? ऑगस्टमध्ये सांगलीत. महापूर होता. ब्रह्मनाळची नाव उलटली त्या आठवड्यात मी घरी गेलेलोच नव्हतो. साईट मध्येच बंद दिसली तेव्हा वाटलं सर्व्हरचं काहीतरी असेल, नंतर बघू. तोवर बातम्या आणि मदतीच्या याद्या फेसबुकवर टाकत होतो.

ऑक्टोबरमध्ये मेल आला. इंग्रजीत, अतिशय सभ्य. तुमचं आवडतं नाव आता आमच्याकडे आहे, १,२०० डॉलरला परत मिळेल. त्या वेळचे ८५ हजार रुपये. पुण्यातल्या एका वकील मित्राला विचारलं. तो म्हणाला, तक्रारीची फीच दीड हजार डॉलर आहे, वर माझे वेगळे. तेव्हा कळलं की तो आकडा उगाच आलेला नव्हता. भांडायला जेवढा खर्च येतो त्याच्या जरा खाली भाव लावायचा. शिवाय मी ट्रेडमार्क घेतलेला नव्हता आणि नावाचे दोन्ही शब्द रोजच्या वापरातले. केस लंगडीच होती.

मी पैसे दिले नाहीत. नव्हतेच. सात वर्षांची कमाई म्हणजे त्या पत्त्याचा लोकांना बसलेला विश्वास, तेवढी त्याच्याकडे गेली. दोनेक महिन्यांत तिथं जुगाराची जाहिरात लागली. एका हायस्कूलच्या मुख्याध्यापकांचा फोन आला. शिष्यवृत्तीवरची माझी एक जुनी बातमी पालकांच्या ग्रुपवर फिरत होती. "अहो, तुमच्या बातमीवर बोट लावलं की पत्ते पिसायला लागतात. पोरं बघतायत." मी सर सर म्हणत राहिलो. काय सांगणार, की ती बातमी माझी आहे पण दार माझं नाही?

हे मी अनेकदा सांगितलंय. चिडून सांगितलंय. पुढचं मात्र कधी सांगितलेलं नाही.

२००९ ची विधानसभा. मी एका दैनिकाचा वार्ताहर होतो, पगार नऊ हजार. मी आणि एका मित्रानं त्या उन्हाळ्यात सहा इच्छुकांच्या नावाची डोमेन घेतली. आयडिया माझीच होती. कोणाला तिकीट मिळणार याचा अंदाज पत्रकाराला आधी येतो ना. दोघांना तिकीट मिळालं. एकाच्या कार्यकर्त्याला गाठलं आणि साहेबांचं नाव दुसरं कोणी घेण्याआधी आम्ही जपून ठेवलंय म्हणालो. जपून! पंधरा हजारांत सौदा झाला. साडेसात माझे. त्यातून मोटरसायकलचे थकलेले हप्ते भरले.

योगायोग बघा, त्याच वर्षी अरुण जेटलींना स्वतःच्या नावाचं डॉट कॉम दुसऱ्यानं घेऊन विक्रीला लावलेलं सापडलं होतं. ते दिल्ली हायकोर्टात गेले आणि २०११ मध्ये जिंकले. तो निकाल मी आमच्या पेपरसाठी एजन्सीवरून भाषांतरित केला होता. हात थरथरला वगैरे काही नाही. चहा पीत केला.

बातमीचा आणि त्या पैशांचा काही संबंध नव्हता, असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आलो. भाच्याशी बोलणं झाल्यावर साताऱ्याला येऊन जुनी कात्रणं काढली. त्या उमेदवाराच्या एका सभेला मी 'अलोट गर्दी' लिहिलंय. मैदान मला आठवतं. अर्धंच भरलेलं होतं.

तर त्या रात्री मी भाच्याला माझं हे सगळं सांगितलं, कात्रण सोडून, कारण ते तेव्हा सापडायचं होतं. तो जरा वेळ गप्प बसला. मग आम्ही यादी घेऊन बसलो.

हळद-बेदाण्याची नावं ठेव म्हणालो. उद्या त्यावर काही कर, नाहीतर वीक, ते शब्द सगळ्यांचे आहेत. पण 'सांगली हळद' नावानं दुसरीकडची हळद विकू नको, तिला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, तो कायदा वेगळा. इंग्रजी चार कोणी घेणार नाही, सोडून दे. ईश्वरपूरवर आमचं अडलं. गावाचं नाव कोणाचं? बार्सिलोना डॉट कॉमवरून हेच भांडण झालं होतं. २००० मध्ये लवादानं नाव महापालिकेला दिलं आणि २००३ मध्ये अमेरिकेतल्या अपील कोर्टानं ते मूळ घेणाऱ्याला परत दिलं, शहराच्या नुसत्या नावावर ट्रेडमार्क होत नाही म्हणून. म्हणजे कायद्यानं भाचा बहुतेक मोकळा. "पण नगरपालिकेला विकायला जाऊ नको," मी म्हणालो, "त्यांचा पत्ता गव्हर्नमेंटच्या डोमेनवर असतो, त्यांना तुझी गरज नाही." त्यानं एकावर गावाच्या बाजारभावाचं आणि एसटी वेळापत्रकाचं पान करायचं ठरवलंय. करेल तेव्हा खरं.

पेढेवाल्याकडे आम्ही दोघं गेलो. मालक साठीच्या पुढचे, गल्ल्यावर. भाच्यानं सांगितलं की काका, तुमच्या दुकानाचं नाव इंटरनेटवर माझ्याकडं आहे, तुम्हाला द्यायचंय, पैसे नकोत. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "फुकट कशाला देताय?" खूप समजावलं. ते म्हणाले, मुलगा बाहेरगावी आहे, आल्यावर विचारतो. निघताना पाव किलो पेढे घेतले, त्याचे पैसे मात्र त्यांनी पूर्ण घेतले. पायऱ्या उतरताना भाचा म्हणाला, "मामा, पन्नास हजार मागितले असते तर त्यांनी खरं मानलं असतं." मार्चमध्ये त्या नावाची मुदत संपते. यानं सोडलं तर दुसरा कोणीतरी उचलेल आणि तो फुकट द्यायला येणार नाही. म्हणून सध्या यानंच भरायचं ठरवलंय. म्हणजे नाव अजून याच्याकडेच. गंमत आहे सगळी.

जाता जाता, सांगली-साताऱ्यातल्या सहकारी बँकांच्या संचालकांपैकी कोणी हे वाचत असेल तर एक गोष्ट. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर जायला सांगितलं, ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत होती. हेतू चांगला, तो पत्ता बँकेशिवाय कोणाला मिळत नाही. पण नवा मिळाला म्हणून जुना सोडू नका. तुमच्या पासबुकावर, कॅलेंडरवर, बोर्डावर वर्षानुवर्षं जुनाच छापलाय. वर्षाला हजार रुपये वाचवायला जाल, आणि त्या जुन्या पत्त्यावर कोणी हुबेहूब पान उघडून बसला तर ठेवीदार तुमच्याच दारात येतील. दुकानदारांनीही आजच तपासा, तुमचं डोमेन कोणाच्या ईमेलवर आहे. साईट बनवणाऱ्या पोराच्या असेल तर स्वतःच्या नावावर करून घ्या. तो पोरगा चांगलाच असेल. माझाही चांगलाच होता.

राहिला नेता. त्याच्या माणसाला भाच्यानं फोन केला, नाव देऊन टाकायचंय म्हणून. माणूस म्हणाला, फुकट-बिकट नको, भाऊंना उपकार चालत नाहीत, पंचवीस घे आणि विषय संपव. निवडणुकीत भाऊ निवडून आलेत.

मीही एक फोन केला. २००९ च्या त्या उमेदवाराला. अजून राजकारणात आहेत, ओळख आहे. म्हणलं, साहेब, त्या डोमेनचे पंधरा हजार मी आणि मित्रानं घेतले होते, कार्यकर्त्यानं सांगितलं असेल-नसेल, मला माझ्या वाट्याचे परत करायचेत. त्यांना आधी आठवेचना. मग आठवलं आणि मोठ्यानं हसले.

"अहो, तुम्हीच तर सगळ्यांत स्वस्तात गेला होता."

पैसे घेतले नाहीत. फोन ठेवला तेव्हा भाच्याचा मेसेज येऊन पडला होता. 'मामा, ते परत पंचवीस म्हणतायत. काय करू?' मी लिहिलं, तुला पडले तेवढ्याचं बिल पाठव, नऊशे एकोणपन्नास. निळ्या टिक आल्यात. उत्तर अजून आलेलं नाही.